जमीन शहराची, झाडं विद्यापीठाची: आर्नल्ड आर्बोरेटमच्या हजार वर्षांच्या कराराचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात २८१ एकरांचं एक वृक्षोद्यान आहे, आर्नल्ड आर्बोरेटम. या जमिनीची मालकी बोस्टन शहराकडे आहे. तिच्यावर वाढणारी झाडं, त्यांच्या नोंदी आणि त्यांची निगा हार्वर्ड विद्यापीठाकडे. विद्यापीठ शहराला भाडं देतं ते वर्षाला एक डॉलर, आणि भाडेपट्ट्याची मुदत आहे हजार वर्षं. १८८२ सालच्या ३० डिसेंबरला या करारावर सह्या झाल्या. हजार वर्षं संपल्यावर आणखी हजार वर्षांसाठी नूतनीकरणाची सोयही त्यात आहे.

हा करार बहुतेक वेळा एक मजेशीर माहिती म्हणून सांगितला जातो. एक डॉलर आणि हजार वर्षं हे आकडेच तसे आहेत. पण झाडांचा संग्रह उभा करायचा आणि टिकवायचा असेल तर कोणत्या अडचणी येतात आणि त्या कशा सोडवता येतात, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही. म्हणून इथे आर्बोरेटमचा सगळा इतिहास न सांगता हा एक करार मध्ये ठेवला आहे. तो का करावा लागला, त्यातून काय साधलं आणि तो कुठे अपुरा पडला, एवढंच बघू.

पेच

न्यू बेडफर्ड हे तेव्हा देवमाशांच्या शिकारीच्या व्यापाराचं मोठं बंदर होतं. तिथले एक धनाढ्य व्यापारी जेम्स आर्नल्ड १८६८ मध्ये वारले. आपल्या संपत्तीचा एक हिस्सा त्यांनी विश्वस्तांकडे सोपवला होता, शेती, बागायत किंवा तशाच लोकोपयोगी कामासाठी. विश्वस्तांपैकी जॉर्ज एमर्सन हे स्वतः झाडांचे अभ्यासक होते. त्यांनी या पैशाला वृक्षोद्यानाची दिशा दिली. हार्वर्डकडे बेंजामिन बसी यांनी देऊ केलेली शेतजमीन होतीच. २९ मार्च १८७२ रोजी विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात दस्त झाला आणि आर्बोरेटमचा कागदोपत्री जन्म झाला.

त्या दस्तातली मागणी मोठी होती. वेस्ट रॉक्सबरीच्या त्या जागेवर उघड्या हवेत वाढू शकतील अशी देशी-परदेशी सगळी झाडं, सगळी झुडपं आणि मऊ खोडाच्या सगळ्या वनस्पती, जितक्या शक्य होतील तितक्या, लावायच्या. पुढच्या वर्षी चार्ल्स स्प्रेग सार्जंट संचालक म्हणून आले. वय ३२, वनस्पतिशास्त्राची पदवी नाही, गाठीशी होती ती घरच्या मोठ्या बागेचा कारभार पाहण्याची सवय आणि हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांचा विश्वास. त्यांच्या ताब्यात आली ती सव्वाशे एकरांच्या आसपासची दमलेली शेतजमीन. गुरं चारून चारून तिथली नैसर्गिक झाडीही खुरटली होती. खर्चायला वर्षाला तीन हजार डॉलरसुद्धा नव्हते.

एवढ्या पैशात रस्ते करायचे की कुंपण घालायचे, पाण्याची सोय करायची की रोपवाटिका चालवायची? सगळं एकदम होणं शक्यच नव्हतं. छोटी, टापटीप बाग करून समाधान मानता आलं असतं. निधी वाढेपर्यंत थांबून राहता आलं असतं. बऱ्याच संस्था अशा वेळी दुसरा मार्ग धरतात आणि थांबता थांबता विरून जातात.

करार

त्याच सुमारास बोस्टन शहर उद्यानांची साखळी आखत होतं. आज तिला एमराल्ड नेकलेस म्हणतात. आराखडा होता फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांचा, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या जोडीतले एक. आर्बोरेटमची जमीन शहराने घ्यावी, या साखळीत जोडावी आणि नाममात्र भाड्याने विद्यापीठाला परत द्यावी, या कल्पनेवर सार्जंट आणि ओल्मस्टेड यांनी काम सुरू केलं.

दोन्ही बाजू बिचकल्या. दान म्हणून मिळालेली जमीन शहराच्या नावावर करायची म्हणजे ती हातची गेली, असं विद्यापीठातल्या काहींना वाटलं. एका श्रीमंत विद्यापीठाच्या बागेवर करदात्यांचा पैसा का घालायचा, हा नगरसेवकांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. बोलणी काही वर्षं रखडली. सार्जंट यांनी बोस्टनमधल्या वजनदार लोकांच्या सह्यांचा अर्ज उभा केला, वर्तमानपत्रांना आपल्या बाजूला वळवलं आणि शेवटी शहर तयार झालं.

वाटणी अशी ठरली. जमीन शहराची. रस्ते बांधायचे, हद्द राखायची, बंदोबस्त ठेवायचा ते शहराने. झाडं लावायची, जोपासायची, त्यांच्यावर नावं घालायची ते विद्यापीठाने. लोकांना दररोज सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मोफत प्रवेश. लागूनच असलेल्या काही जमिनीही शहराने घेऊन यात घातल्या, आणि १८९५ मध्ये पीटर्स हिल हा मोठा तुकडा याच पद्धतीने जोडला गेला.

मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती मुदत. ९९ वर्षांचा पट्टा असता तर काय झालं असतं याचा विचार करून पाहावा. पहिली चाळीस-पन्नास वर्षं उत्साहात गेली असती. मग कोणीतरी हिशेब मांडला असता की आज लावलेला ओक भरात येईल तेव्हा जमीन आपल्याकडे असेलच असं नाही. शेवटच्या तीस वर्षांत तर कोणी नवं झाड लावलंच नसतं. झाडाच्या आयुष्यापेक्षा करार लहान असला की करार संपण्याच्या खूप आधी लावणी थांबते. हजार वर्षांमुळे हा हिशेबच कोणाच्या डोक्यात येत नाही.

मांडणी

पक्की लागवड १८८०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाली. रचना बेंथम आणि हूकर या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणाप्रमाणे. रस्त्याच्या कडेने चालत किंवा बग्गीतून गेलं की झाडांची कुळं क्रमाने समोर यावीत, सुरुवातीला मॅग्नोलिया आणि दूरच्या टोकाला सूचिपर्णी. ओल्मस्टेड यांनी रस्त्याला दिलेली वळणं आणि सार्जंट यांना हवा असलेला कुळांचा क्रम एकमेकांत इतके बेमालूम बसले आहेत की फिरायला आलेल्या माणसाला आपण एका वर्गीकरणातून चालतोय याचा पत्ताही लागत नाही.

वर्गीकरण मात्र पुढे बदलत गेलं. डीएनएच्या अभ्यासानंतर कित्येक कुळं फुटली, कित्येक एकत्र आली. शंभर वर्षांचा वृक्ष उचलून नव्या कुळाशेजारी नेता येत नाही, त्यामुळे जमिनीवर एकोणिसाव्या शतकाचं शास्त्र तसंच उभं आहे. यात काही बिघडलं असं मला वाटत नाही. क्रम नोंदवहीत बदलता येतो.

नोंद

आणि नोंदवही हाच या सगळ्याचा कणा आहे. आर्बोरेटममध्ये आज सुमारे १६,००० झाडं-झुडपं आहेत. त्यांपैकी कुठल्याही एका झाडाजवळ गेलं तर त्याला लावलेला छोटा धातूचा बिल्ला सापडतो. त्यावर शास्त्रीय नाव असतं, कुळ असतं, आणि एक क्रमांक. उदाहरणार्थ ५२४-४८. म्हणजे १९४८ साली दाखल झालेली ५२४वी नोंद. एकाच बियाण्यातून दहा झाडं वाढली तर क्रमांक एकच, पुढे प्रत्येकाला वेगळं अक्षर. अगदी जुन्या झाडांच्या क्रमांकात वर्ष नाही, नुसता सलग आकडा आहे. हा क्रमांक कागदपत्रांत शोधला की बी कोणी गोळा केलं, कुठल्या डोंगरावर, जंगलातून की दुसऱ्या बागेतून, रुजवलं कधी, लावलं कुठे, हे एकामागून एक उलगडत जातं. मूळ जंगलातलं की बागेतलं, ही माहिती संकेताक्षराने वेगळी दाखवलेली असते, कारण संशोधकाला तीच सर्वांत आधी लागते.

याचं महत्त्व लेबनॉनच्या सीडरने दाखवून दिलं. बोस्टनच्या हिवाळ्यात हा वृक्ष टिकत नाही, असाच अनुभव होता. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सार्जंट यांनी तुर्कस्तानातल्या टॉरस पर्वतावरून, या जातीच्या पसाऱ्याच्या उत्तरेकडच्या, उंच आणि थंड टोकावरून बी मागवलं. त्यातून आलेली झाडं जगली. पुस्तकात जात एकच, नाव एकच, पण आईबाप वेगळ्या थंडीत वाढलेले. बिल्ल्यावर नुसतं नाव असतं तर या दोन प्रकारच्या झाडांत फरक करायला काहीच आधार उरला नसता, आणि एकाच्या मरणावरून दुसऱ्यालाही नालायक ठरवलं गेलं असतं.

५२४-४८ हा क्रमांकही सहज घेतलेला नाही. तो मेटासेक्वोया या सूचिपर्णी वृक्षाचा आहे. जपानचे जीवाश्म-अभ्यासक शिगेरू मिकी यांनी १९४१ मध्ये ही प्रजाती फक्त दगडातल्या ठशांवरून वर्णन केली. ती लाखो वर्षांपूर्वीच नामशेष झालेली आहे असं सगळे धरून चालले होते. त्याच काळात, युद्धाच्या धामधुमीत, चीनमध्ये मोदाओची या गावी एक अनोळखी प्रचंड वृक्ष वनखात्याच्या लोकांच्या नजरेस आला. त्याच्या पायथ्याशी गावकऱ्यांनी छोटं देऊळ बांधलेलं होतं. नमुने हू श्यानसू आणि चेंग वानजुन या शास्त्रज्ञांपर्यंत पोहोचले आणि जिवंत झाडाची आणि जीवाश्माची गाठ पडली. १९४८ मध्ये त्यांनी या जातीला रीतसर नाव दिलं.

बी गोळा करायला चीनकडे तेव्हा पैसा नव्हता. आर्बोरेटममध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ एल्मर मेरिल होते. त्यांनी २५० डॉलर पाठवले. १९४७च्या शरदात चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांनी बी जमवलं आणि जानेवारी १९४८ मध्ये ते बोस्टनला आलं. मेरिल यांनी ते स्वतःकडे दाबून ठेवलं नाही. जगभरच्या शेकडो बागांना, संस्थांना आणि हौशी लोकांना पुड्या पाठवल्या. जी झाडं जगभरच्या उद्यानांत आज शंभर फुटांच्या वर गेली आहेत, त्यांतली पुष्कळशी त्या एका खेपेची आहेत. एका चुकीने किंवा एका वादळाने ती जात बागांमधून पुसली जाऊ नये, याची त्याहून स्वस्त तजवीज क्वचितच कोणी केली असेल.

या उदारतेला एक मर्यादाही होती, आणि ती कळली ते नोंदींमुळेच. बी मोजक्या झाडांचं होतं. बागांमध्ये एकेकटी उभी असलेली झाडं स्वतःच्याच परागावर बी धरतात आणि असं बी कमजोर निघतं. म्हणून १९९०च्या सुमाराला चीनमधल्या अनेक वेगवेगळ्या मातृवृक्षांचं बी अमेरिकेत पुन्हा आणलं गेलं आणि ओहायोतल्या डॉज आर्बोरेटमसारख्या ठिकाणी, कोणतं रोप कुठल्या झाडाचं हे सांभाळत, लावलं गेलं.

कोर्टातली लढाई

संग्रह म्हणजे नक्की काय, हा प्रश्न एकदा न्यायालयातही गेला. जिवंत झाडांबरोबर आर्बोरेटमचं हर्बेरियम होतं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने, आणि मोठं ग्रंथालय. १९५०च्या दशकात हार्वर्डने या दोन्हींचा बहुतांश भाग बोस्टनशेजारच्या केंब्रिजला, विद्यापीठाच्या नव्या इमारतीत हलवला. आर्बोरेटमच्या चाहत्यांनी आक्षेप घेतला. दस्तात जागेचं नाव आहे, आर्नल्ड यांचा पैसा त्या जागेसाठी आहे, मग त्यातून उभा राहिलेला संग्रह बाहेर कसा नेता? प्रकरण मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६६ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला.

कायद्याचा निकाल काहीही असो, आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. फुलाची पाकळी मोजायची, ती नमुन्याशी ताडायची, लगेच बाहेर जाऊन जिवंत झाड बघायचं आणि परत टेबलाशी यायचं, ही ये-जा मध्ये काही मैलांचं अंतर आलं की मंदावते. विद्यापीठाच्या बाजूनेही कारण होतं. विखुरलेले नमुने एका छताखाली आले की वनस्पतींची तुलना करणाऱ्याचं काम सोपं होतं. १८८२च्या कराराने जमीन आणि झाडं यांची वाटणी स्वच्छ केली होती, पण वाळलेल्या नमुन्यांचा प्रश्न त्या वाटणीत नव्हताच. २०११ मध्ये आर्बोरेटमला लागूनच वेल्ड हिल इथे संशोधन इमारत सुरू झाली आणि प्रयोगशाळा तरी पुन्हा झाडांजवळ आली.

हेमलॉक हिल

कराराची खरी परीक्षा मात्र एका टेकडीवर झाली. हेमलॉक हिल ही आर्बोरेटमच्याही आधीची नैसर्गिक झाडी. पूर्व अमेरिकेतला हेमलॉक हा सावली सोसणारा, संथ वाढणारा सूचिपर्णी वृक्ष. बसी यांच्या काळापासून ही टेकडी राखलेली होती. सप्टेंबर १९३८च्या चक्रीवादळाने तिथली पुष्कळ झाडं उन्मळून पाडली. मोकळ्या जागी पुन्हा हेमलॉकच लावले गेले आणि टेकडी हळूहळू भरून आली.

१९९७ मध्ये त्या टेकडीवर एक किडा सापडला. माव्याच्या नात्यातला, सुईसारख्या पानांच्या बुडाशी चिकटून बसणारा, अंगाभोवती पांढरी लोकर विणणारा. फांदी उलटी करून पाहिली तर पानांच्या दोन्ही ओळींच्या तळाशी कापसाचे बारीक ठिपके रांगेने बसलेले दिसतात. तो फांदीत साठवलेलं अन्न शोषतो. पूर्व अमेरिकेत त्याच्या सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय वर्षातून दोन पिढ्या काढतात. एक किडा पोहोचला तरी वसाहत सुरू होते. पानं राखाडी होतात, गळतात, कोंब फुटेनासे होतात आणि काही वर्षांत झाड उभ्या उभ्या मरतं. हा किडा मूळ जपानचा. पूर्व अमेरिकेत त्याची पहिली नोंद १९५१ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंडची आहे.

टेकडीवर तेव्हा एकोणीसशेच्या आसपास हेमलॉक होते. आर्बोरेटमने आधी त्यांची एकेक करून मोजदाद केली आणि प्रत्येकाची प्रकृती नोंदवली. मग निवड करावी लागली, आणि ती कठीण होती. काही झाडांना खनिज तेलाची फवारणी, काहींच्या मुळाशी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक, काही तोडायची, काहींना आपल्या वाटेने जाऊ द्यायचं. मेलेल्या हेमलॉकच्या जागी प्रकाश पडला की काळा बर्च भराभर उगवतो, हेही तिथे टिपलं गेलं.

याच वेळी एका जुन्या झाडाकडे लक्ष गेलं. अर्नेस्ट हेन्री विल्सन हे आर्बोरेटमचे सर्वांत नावाजलेले संग्राहक. १९१०च्या चीन मोहिमेत मिन नदीच्या खोऱ्यात दरड कोसळून त्यांचा पाय मोडला. ते अरुंद वाटेवर पडलेले असताना समोरून आलेला खेचरांचा तांडा त्यांना ओलांडून गेला. त्याच मोहिमेतून चिनी हेमलॉकचं रोप बोस्टनला आलं आणि १७५६९ या क्रमांकाने नोंदलं गेलं. नव्वद वर्षं ते इतर झाडांत उभं होतं, फारसं कोणी विचारलं नव्हतं. किडा आला तेव्हा आसपासचे हेमलॉक ग्रासले गेले आणि हे झाड स्वच्छ राहिलं. पुढे आर्बोरेटमचे वनस्पतिशास्त्रज्ञ पीटर डेल ट्रेडिची आणि सहकाऱ्यांनी चीनमधून नव्याने आलेल्या बियांची रोपं वाढवून तपासली. चिनी हेमलॉक या किड्याला दाद देत नाही आणि बोस्टनची थंडीही सोसतो, हे सिद्ध झालं.

विल्सन यांनी ते रोप पाठवलं तेव्हा हा किडा पूर्व अमेरिकेत कोणाला माहीतही नव्हता. कोणत्या प्रश्नाचं उत्तर आपण लावतोय हे लावणाऱ्याला ठाऊक नसतं. ते झाड जागेवर राहायला मुदत लागते, आणि ते कुठून आलं हे सांगायला नोंद.

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. हा किडा अमेरिकेत आला तो शोभेच्या जपानी हेमलॉकबरोबर आला असावा असं मानलं जातं. म्हणजे देशोदेशीची झाडं आणण्याच्या ज्या उत्साहातून आर्बोरेटमं उभी राहिली, त्याच उत्साहाच्या वाटेने किडी आणि बुरश्याही आल्या. चेस्टनटच्या करप्याने तर एक अख्खा जंगली वृक्ष नामशेषाच्या काठावर नेला. १९१९ मध्ये अमेरिकेने क्वारंटाइन ३७ हा नियम आणून बाहेरून रोपं आणण्यावर कडक निर्बंध घातले. झाडांवर प्रेम करणाऱ्या अनेकांना तो तेव्हा जाचक वाटला होता. हेमलॉक हिलवरून मागे पाहिलं तर तो उशिरा आला असंच म्हणावं लागतं. आज मोहिमांमधून येतं ते मुख्यतः बी, आणि तेही परवाने आणि तपासणीच्या चाळणीतून.

पुढची खेप

१८७२च्या दस्तातले ‘उघड्या हवेत वाढू शकतील’ हे शब्द आता हलू लागले आहेत. हिवाळे सौम्य होत आहेत, त्यामुळे पूर्वी बोस्टनमध्ये न टिकणाऱ्या काही जाती आता कदाचित टिकतील, आणि थंडीवर अवलंबून असलेल्या काही अडचणीत येतील. कडाक्याची थंडी लोकरी किड्यांनाही मारते, तेव्हा हेमलॉकसाठी ही बातमी वाईटच आहे.

२०१५ मध्ये आर्बोरेटमने दहा वर्षांची एक संग्रह-मोहीम हाती घेतली. लक्ष्य सुमारे चारशे वनस्पती, त्यांतल्या बऱ्याच मूळ जंगलांत संकटात असलेल्या. काही जाती तर इथल्या हवामानाच्या अगदी काठावरच्या आहेत, जगतील की नाही याची खात्री नसतानाही यादीत घेतलेल्या. सीडरच्या वेळी जे एकदा जमून गेलं होतं ते आता रीत म्हणून केलं जातं. एकाच जातीचं बी वेगवेगळ्या डोंगरांवरून, वेगवेगळ्या उंचीवरून, वेगवेगळ्या मातृवृक्षांवरून घ्यायचं आणि प्रत्येक पिशवीला रोपवाटिकेत पोहोचल्याबरोबर स्वतःचा क्रमांक द्यायचा.